साथरोग-संशोधकाची वाट : मराठवाड्यातील विद्यार्थ्यांसाठी काही सूचना

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, ज्याला सारा मराठवाडा नुसते ‘घाटी’ म्हणून ओळखतो, तिसऱ्या वर्षात शिकणारा एखादा विद्यार्थी ‘मला जागतिक आरोग्य संघटनेत जावयाचे आहे’ असे सांगतो, तेव्हा त्याच्या मनात बहुधा जिनिव्हाचे सरोवर असते आणि त्याच्या वडिलांच्या मनात पगाराचा आकडा; परंतु या दोहोंपर्यंत पोहोचविणारा पंधरा-वीस वर्षांचा रस्ता नेमका कोणकोणत्या गावांवरून जातो, हे सांगणारा माणूस त्यांना सहसा भेटत नाही. शिकवणीवर्गाच्या जाहिराती प्रवेशपरीक्षेपाशी थांबतात आणि परदेशी विद्यापीठांच्या माहितीपुस्तिका शुल्कापाशी. त्या पुढचा व त्या मधला तपशील येथे सांगावयाचा आहे. संसर्गजन्य रोगांचे संशोधन करीत करीत जागतिक आरोग्याच्या कारभारात अधिकाराच्या जागेवर जाऊन बसणारी माणसे प्रयोगशाळेइतकीच तालुक्याच्या नोंदवहीवर घडलेली असतात, असे माझे मत आहे, आणि पुढील सर्व सूचना त्या मतातूनच निघाल्या आहेत.

या मताला आपल्याच भागातील एक घटना आधार देते. 1994 च्या ऑगस्ट महिन्यात बीड जिल्ह्यातील मामला या गावी उंदीर मरून पडू लागले, घरोघर पिसवांचा उपद्रव वाढला, आणि महिनाअखेरीस जांघेत व काखेत गाठी आलेले तापाचे रुग्ण दिसू लागले. आदल्याच वर्षीच्या 30 सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झालेला होता, आणि पडक्या, रिकाम्या घरांतून साठलेल्या धान्यावर उंदरांची पैदास झाली असावी, असा तर्क त्या वेळी मांडला गेला. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता पसरली आणि लक्षावधी माणसे शहर सोडून निघाली. आखाती देशांनी विमाने थांबविली, आपल्या मालाला परक्या बंदरांत मज्जाव झाला. मृत्यू पन्नासाहून थोडे अधिक नोंदले गेले. जगाने घेतलेली धास्ती मात्र त्या आकड्याच्या कितीतरी पट मोठी होती. ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेचे पथक येऊन गेले, तरी हा रोग खरोखरच प्लेग होता की नव्हता यावर आपल्या तज्ज्ञांत पुढे दीर्घकाळ वाद चालला, आणि जपून ठेवलेल्या जंतूंच्या डीएनए-परीक्षणाने तो प्लेगचाच जंतू असल्याचे सिद्ध व्हावयास काही वर्षे जावी लागली.

या प्रकरणात उणीव कशाची होती, हे विद्यार्थ्याने नीट पाहावे. मेलेला उंदीर गावकऱ्यांनी पाहिलेला होता. नव्हती ती त्या उंदरापासून निदानापर्यंत, निदानापासून दिल्लीपर्यंत आणि दिल्लीपासून जिनिव्हापर्यंत अखंड जाणारी, सर्वांनी विश्वास ठेवावा अशी साखळी. पुढे 2005 मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांची जी फेररचना झाली आणि 2007 मध्ये जिचा अंमल सुरू झाला, तिच्यात प्रत्येक देशाने एक अधिकृत संपर्क-केंद्र नेमावे, आंतरराष्ट्रीय चिंतेची ठरू शकेल अशी घटना पारखून झाल्यापासून चोवीस तासांच्या आत कळवावी, आणि संघटनेने सरकारी खलित्यांखेरीज इतर ठिकाणाहून आलेल्या वार्तांचीही दखल घ्यावी, अशी कलमे आली. भारतात हे काम दिल्लीचे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र पाहते. ज्याला जागतिक आरोग्यात काही करावयाचे आहे, त्याने हे नियम मूळ मसुद्यात एकदा तरी वाचावेत. फार मोठे पुस्तक नाही, आणि आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील घटनेशी ताडून पाहिले म्हणजे त्यातील रुक्ष कलमेही चटकन समजतात.

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे वळू. वैद्यकीय पदवी हा सर्वांत परिचित मार्ग असला तरी एकमेव नव्हे. एम.बी.बी.एस. नंतर जनऔषधवैद्यकशास्त्र, ज्याला विद्यार्थी आजही ‘पीएसएम’ म्हणतात, सूक्ष्मजीवशास्त्र, बालरोग किंवा सामान्य वैद्यक यांपैकी कोणताही विषय घेऊन या क्षेत्रात येता येते. ‘गुण कमी पडले म्हणून पीएसएम घेतले’ असे खालच्या आवाजात सांगण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे ती निव्वळ अडाणीपणाची आहे. वैद्यकीय प्रवेश न मिळालेल्यांसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेशी संलग्न असा विषाणुविज्ञानाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आणि चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण आहे. प्रत्येक ठिकाणी पात्रतेच्या अटी निराळ्या असल्याने त्या आधी पाहून घ्याव्यात. परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना तर मी आवर्जून सांगेन की माणसाला होणारे कित्येक नवे रोग जनावरांकडून येतात, ही गोष्ट आता धोरणकर्त्यांनाही उमगली असून नागपुरात ‘एक आरोग्य’ या कल्पनेवर राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी 2022 च्या डिसेंबरात झाली आहे. त्या दालनात पशुवैद्याचे आसन डॉक्टराच्या मागे नसून शेजारी आहे. संख्याशास्त्राचे विद्यार्थीही येथे हवे असतात, आणि चांगल्या संख्याशास्त्रज्ञाची टंचाई चांगल्या डॉक्टराच्या टंचाईहून अधिक आहे.

पदवीच्या काळातच संशोधनाचा हात बसावा यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद 1979 पासून विद्यार्थ्यांना अल्पमुदतीची शिष्यवृत्ती देत आली आहे. दोन महिन्यांचा लहानसा प्रकल्प, एक मार्गदर्शक, नैतिक समितीची मंजुरी आणि शेवटी अहवाल, एवढाच तो व्याप असतो. प्रकल्पाचा निष्कर्ष जगाला हलवून सोडणारा निघण्याचे कारण नाही. परंतु प्रश्न लिहून काढणे, रुग्णाची लेखी संमती घेणे, मार्गदर्शक सुटीवर असताना मुदत पाळणे आणि आपलेच आकडे आपल्याला प्रतिकूल निघाले तरी ते तसेच छापणे, हे सारे त्या दोन महिन्यांत एकदा घडून जाते.

पुढचा टप्पा बंधपत्राच्या सेवेचा. शासकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेला डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू होतो तेव्हा तो काळ वाया गेला असे समजून बहुतेकजण पुढील प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकात डोके घालतात. माझ्या मते साथरोगशास्त्राची इतकी चांगली शाळा दुसरी नाही. पावसाळ्याच्या तोंडावर एखाद्या वस्तीत जुलाब-उलट्यांचे रुग्ण एकदम वाढले म्हणजे काय होते ते पाहावे. आरोग्यसेविका लक्षणांवरून ‘एस’ नमुना भरते, वैद्यकीय अधिकारी संभाव्य निदानाचा ‘पी’ नमुना भरतो, प्रयोगशाळा ‘एल’ भरते. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाची, जो 2004 मध्ये सुरू झाला आणि आता संगणकावर आला आहे, सारी इमारत या तीन अक्षरांवर उभी आहे. तरुण डॉक्टराने केवळ सही न करता स्वतः वस्तीत जावे. नाव, वय, घर, पाण्याचा स्रोत, लक्षण सुरू झाल्याची तारीख व वेळ अशी लाइन लिस्ट हाताने तयार करावी; विहिरीत टीसीएल पावडर कधी टाकली होती हे जलसुरक्षकाला विचारावे आणि नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट आपल्या डोळ्यांदेखत करवून घ्यावी. नळीतल्या पाण्याला पिवळा रंग आला नाही, आणि नोंदवहीत मात्र रोज ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेले आहे, असे आढळले तर रागावू नये. त्या दोहोंमधील अंतर मोजणे हेच आपले काम. त्या यादीवरून दिवसवार रुग्णांचा आलेख काढला, गावाच्या कच्च्या नकाशावर ठिपके मांडले, आणि कोणता नळ बंद करावयास हवा हे सरपंचास कारणासह समजावून देता आले, की पुढे कितीही मोठ्या सभेत बोलावयाचे झाले तरी त्याहून निराळे काही करावे लागत नाही.

यानंतर प्रश्न निवडण्याची वेळ येते, आणि येथे सर्वांत अधिक तरुण चुकतात. नियतकालिकांत ज्याची चलती असेल तो विषय ते उचलतात व तीन वर्षांनी चलती बदलली की विषयही बदलतात. त्यापेक्षा आपल्या जिल्ह्यात असलेला, परंतु जगात इतरत्रही असणारा प्रश्न धरून त्याच्याशी दहा वर्षे एकनिष्ठ राहावे. 1956 मध्ये, म्हणजे आपले घाटीचे महाविद्यालय स्थापन झाले त्याच वर्षी, मद्रासेत क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले आणि तेथे एक साधा प्रश्न विचारला गेला : दाटीवाटीच्या गरीब घरात राहून औषध घेणारा क्षयरोगी आरोग्यधामात ठेवलेल्या रोग्याइतकाच बरा होतो काय? होतो, असे उत्तर आले, घरच्या मंडळींना त्यामुळे अधिक धोका नाही हेही दिसले, आणि जगभरातील आरोग्यधामांचे युग त्या उत्तराने मावळावयास लागले. प्रश्न मद्रासच्या गल्लीतला होता, उत्तर साऱ्या जगाचे झाले.

असे प्रश्न आपल्याकडे पडलेले आहेत. बीड-परभणीकडून ऊसतोडीला निघणारे कुटुंब दिवाळीनंतर सहा महिने जिल्ह्याबाहेर असते. त्यातील क्षयरोग्याची गोळी आणि तान्ह्या मुलाची लस या काळात कोणाच्या हिशेबी राहते? हंगामी स्थलांतर करणारे मजूर आफ्रिकेतही आहेत आणि दक्षिण अमेरिकेतही. खुद्द संभाजीनगरात, जेथे मलिक अंबराच्या नहरीने एके काळी शहराला पाणी पाजले, तेथे आज नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येते आणि म्हणून घराघरांत ड्रम, टाक्या व रांजण भरून ठेवावे लागतात. डेंग्यूचा डास नेमक्या याच साठवणीच्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक आणि डेंग्यूची साथ यांचा संबंध गल्लीगल्लीतून मोजणारा संशोधक ज्या सभेत उभा राहील तेथे त्याचे ऐकले जाईल, कारण तुटपुंज्या पाण्यावर वाढणारी शहरे आशियात आणि आफ्रिकेत शेकड्यांनी आहेत.

एका गोष्टीची मनाची तयारी ठेवावी, ती म्हणजे बदलीची. औरंगाबाद ज्या निजामी राज्याचा सुभा होते त्याच राज्यातील सिकंदराबादेत 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला. आणि संशोधनाचा धागा हाती लागतो न लागतो तोच त्यांना राजपुतान्यातील खेरवाड्यास जाण्याचा हुकूम आला, जेथे त्यांच्या कामाला लागणारे रुग्णच जवळपास नव्हते. पुढे कलकत्त्यात त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून तो धागा पुरा केला आणि 1902 मध्ये नोबेल पारितोषिक मिळविले. सरकारी नोकरीतील संशोधकाने आपली कच्ची नोंद, नमुन्यांची यादी आणि पत्रव्यवहार अशा रीतीने ठेवावा की हुकूम आला त्या दिवशी काम दुसऱ्याच्या हाती सोपविता यावे किंवा बरोबर नेता यावे.

दफ्तराविषयी आणखी थोडे लिहितो, कारण या विषयाला आपले शिक्षक नाक मुरडतात. नेतृत्व म्हणजे भाषण, अशी समजूत असलेला माणूस या क्षेत्रात लवकर निराश होतो. प्रत्यक्षात त्यातील मोठा भाग टिपण लिहिणे, अंदाजपत्रकातील तरतूद शोधणे, खर्चाचा खुलासा देणे, आणि चार खात्यांच्या चार अंमलदारांना एका कागदावर सही करावयास लावणे, हाच असतो. क्लिनिकल चाचणी करावयाची तर ती देशाच्या चाचणी-नोंदणीत आधी नोंदवावी लागते. नैतिक समितीपुढे मराठीतील संमतिपत्र ठेवावे लागते, आणि ते घाटीच्या बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या पैठणच्या आजीबाईस ऐकून कळेल असे असावे लागते. ज्याला चांगली फाईल तयार करता येत नाही त्याचे चांगले संशोधन कपाटातच राहते. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या कचेरीतील एखाद्या जुन्या कारकुनाशी स्नेह जोडावा. तो जे शिकवील ते कोणत्याही परदेशी विद्यापीठात शिकवीत नाहीत.

ज्यांनी हा प्रवास पुरा केला त्यांची चरित्रे डोळ्यांपुढे ठेवणे उपयुक्त आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखे पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे सहायक महासंचालक झाले. चिंतामण गोविंद पंडित यांनी मद्रासच्या किंग इन्स्टिट्यूटमधील संशोधनानंतर आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची धुरा तिच्या आरंभकाळात वाहिली, आणि 1952 मध्ये पुण्यात विषाणु संशोधन केंद्र उभे राहिले ते त्यांच्याच कारकिर्दीत. त्यांच्या नावाचे एक राष्ट्रीय अध्यासन परिषदेत आहे. त्यावर नेमले गेलेले डॉ. रमण गंगाखेडकर हे आपल्या काळातील मराठी उदाहरण होय. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत त्यांनी एच.आय.व्ही.वर दीर्घकाळ काम केले, 2018 मध्ये केरळात निपाहची साथ आली तेव्हा परिषदेच्या बाजूने ते तेथे होते, 2020 मध्ये कोविडच्या पहिल्या महिन्यांत दिल्लीच्या पत्रकार परिषदांतून त्यांचा शांत स्वर घरोघर पोहोचला, त्याच वर्षी पद्मश्री मिळाली, आणि 2021 मध्ये नव्या रोगजंतूंच्या उगमाचा शोध घेण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने जो सल्लागार गट नेमला त्यात त्यांची निवड झाली. भीती आणि कलंक यांनी वेढलेल्या रोगाविषयी वर्षानुवर्षे रुग्णांशी बोलण्याची सवय ज्याला आहे त्यालाच घाबरलेल्या देशाशी बोलता येते, असे मला त्यांच्याकडे पाहून वाटले.

डॉ. सौम्या स्वामिनाथन तमिळ असल्या तरी त्यांची पहिली वैद्यकीय पदवी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाची. बालरोगतज्ज्ञ होऊन 1992 मध्ये त्या चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्रात, म्हणजे वर सांगितलेल्या मद्रासच्या त्याच केंद्राच्या उत्तराधिकारी संस्थेत, दाखल झाल्या. मध्यंतरी जिनिव्हात उष्णकटिबंधीय रोगांच्या संशोधन-कार्यक्रमात दोन वर्षे काढून परत आल्या, 2015 मध्ये परिषदेच्या महासंचालक झाल्या, 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत गेल्या आणि 2019 मध्ये तिच्या पहिल्या मुख्य शास्त्रज्ञ झाल्या. तारखा पाहा : चेन्नईच्या केंद्रात दाखल झाल्यापासून त्या पदापर्यंत सत्तावीस वर्षे. 2022 मध्ये पद सोडताना, कोविड हवेतून पसरतो हे संघटनेने पुष्कळ आधी ठामपणे सांगावयास हवे होते, असे त्यांनी जाहीर मुलाखतीत मान्य केले. एवढ्या उंचीवरून असे बोलणे सोपे नाही, आणि पुरावा अपुरा असताना किती व केव्हा बोलावे हा प्रश्न या पेशात शेवटपर्यंत सुटत नाही.

आता दरवाजे कोठे आहेत ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेचे भारतातील पोलिओ सर्वेक्षण 1997 पासून जिल्ह्याजिल्ह्यांत नेमलेल्या सर्व्हेलन्स मेडिकल ऑफिसरांनी चालविले. 2014 मध्ये देश पोलिओमुक्त ठरल्यावर ती यंत्रणा गोवर आणि इतर लसीकरणाच्या कामाकडे वळली. खेड्यातून काम करून आलेल्या मराठी डॉक्टरांना संघटनेची कार्यपद्धती आतून पाहण्याची संधी याच पदांनी व क्षयरोग कार्यक्रमातील सल्लागारांच्या पदांनी दिली आहे. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात 2012 पासून चाललेले साथ-अन्वेषणाचे दोन वर्षांचे प्रशिक्षण आणि चेन्नईच्या संस्थेतील क्षेत्रीय साथरोगशास्त्राचे शिक्षण, ही दोन्ही पाहून ठेवावीत. परदेशी शिक्षणासाठी कॉमनवेल्थ, फुलब्राइट, चेव्हनिंग अशा शिष्यवृत्त्या आहेत. शेतजमीन गहाण टाकून परदेशी पदवी घेण्याचा मार्ग मात्र मी कोणासही सुचविणार नाही, कारण कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस प्रश्न निवडू शकत नाही, पगार निवडतो. शहरातील औषध-उद्योगाकडेही दुर्लक्ष नको. क्षयाच्या औषधांसाठी जगभर ठाऊक असलेल्या लुपिनसारख्या कंपनीचा कारखाना येथे आहे, आणि औषधाच्या गुणवत्तेची आंतरराष्ट्रीय मान्यता हा जागतिक आरोग्याचाच एक शांत, स्थिर उत्पन्नाचा विभाग आहे.

काळ मात्र अनुकूल नाही, हे लपविण्यात अर्थ नाही. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केल्यापासून संघटनेने आपले अंदाजपत्रक आणि मनुष्यबळ दोन्ही आखडते घेतले आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात महासाथ-करार संमत झाला, म्हणजे जबाबदाऱ्या वाढल्या आणि माणसे घटली. अशा वेळी जिनिव्हाच्या एकाच दारावर टकटक करीत बसण्यापेक्षा राज्याच्या आरोग्यसेवेत, परिषदेच्या संस्थांत किंवा विद्यापीठात पाय रोवून, तेथूनच आंतरराष्ट्रीय समित्यांवर जाण्याचा मार्ग अधिक भक्कम आहे; गंगाखेडकर त्याच मार्गाने गेले.

तरीही ज्याला अर्ज करावयाचाच आहे त्याने काही व्यावहारिक बाबी ध्यानी धराव्यात. मध्यम दर्जाच्या, ज्याला तेथे ‘पी-चार’ म्हणतात, अशा पदासाठी साधारणतः सात वर्षांचा अनुभव मागतात आणि त्यातील काही आंतरराष्ट्रीय असावा लागतो. नेपाळ, भूतान किंवा आफ्रिकेतील एखाद्या साथीत केलेले अल्पमुदतीचे सल्लागाराचे कामही येथे धरता येते. अर्जात ‘सहभाग घेतला’ असे मोघम लिहू नये; किती गावे, किती नमुने, निर्णय कोणाचा आणि फरक काय पडला, ते लिहावे. पैसे घेऊन चार दिवसांत निबंध छापणाऱ्या नियतकालिकांतील लेख यादीतून काढून टाकावेत, कारण निवडसमितीतील जाणकार त्या नावांवरच प्रथम बोट ठेवतात. इंग्रजी भाषा साफ हवी, फ्रेंच आली तर आफ्रिकेतील निम्मी दारे उघडतात. शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांना पंधरा दिवस आधी सांगावे व सोबत आपल्या कामाचे एक पानी टिपण द्यावे, म्हणजे पत्रात ‘हुशार व होतकरू’ याहून काही उतरेल. अर्जाची मुदत जिनिव्हाच्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्री संपते, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची पहाट झालेली असते. पण त्या साडेतीन-साडेचार तासांवर विसंबून राहू नये, कारण आपल्याकडची वीज त्याच वेळी जाण्याचा संभव फार.